हातचा

सेगेडच्या वाणिज्य शाळेत बावीस वर्षं
मी फळ्यावर एकच बरोबरचिन्ह काढत आलो.
डावीकडे फोरिंट, व्याज बारा टक्के.
उजवीकडे फ्रँक, व्याज चार.
मधली आठाची दरी, मुलांनो,
फोरिंट घसरून घसरून भरून काढतो.
उद्याचा दर आजच बांधून घ्याल,
तर नफा त्या बांधणीतच जिरेल.
फुकट कुणाला काही मिळत नाही.

मागच्या बाकावरून बोर्बाला म्हणाली,
पण सर, चार वर्षं तो घसरलाच नाहीये.
मी खडू झटकला. म्हणालो, हे कोडं आहे.
कोडं हा शब्द फार सोयीचा.

त्याच शुक्रवारी, खडूची पूड नखांत तशीच,
फ्रँकमधल्या कर्जावर मी सही केली.
दर बांधून घ्यायचा विषयही काढला नाही.
एमोकेला स्वयंपाकघराच्या खिडकीतून
आंबट चेरीचं झाड दिसायला हवं होतं.
बँकेतला पोरगा म्हणाला, सगळेच घेतात, सर.
माझाच विद्यार्थी. या धड्यात
मी त्याला पैकीच्या पैकी दिले होते.

सासू सीमेपलीकडच्या सुबोटिट्सातून
कोटाच्या अस्तरात सिगारेटी शिवून आणायची.
किती सुटतात, विचारलं की सांगायची:
नाक्यावरच्या शिपायाला दोन पाकिटं,
बसचं तिकीट, गुडघ्याचं मलम,
वजा जाता एक कॉफी, खसखशीचा केक.
केक कधी अर्धा.
तिने माझा फळा कधी पाहिला नव्हता.

मग एका ऑक्टोबरात
चौकातल्या नोटा बदलायच्या दुकानातली बाई
शिडीवर चढून आकड्यांच्या पाट्या बदलत होती.
एकशे साठ. एकशे बहात्तर.
दुपारी पुन्हा चढली.
चार वर्षं जे घडलं नाही
ते तिने दोन आठवड्यांत टांगलं.
हप्ता पगाराला येऊन टेकला.
मी बरोबर होतो.
हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

रात्री बोल्दिजार गणितं करत बसला.
सात आणि आठ पंधरा. पाच लिही, हातचा एक.
तो कुठे ठेवू?
वर, कोपऱ्यात, बारीक. विसरायचा नाही.
त्याने मूठ उघडून पाहिली.
हातात तर काहीच नाहीये, बाबा.

एमोके खिडकीकडे पाठ करून भांडी पुसत राहिली.
सासूने कात्री मागितली,
कोट मांडीवर घेतला,
आणि अस्तर उसवायला लागली.