रकाना बारा

सोळा रकान्यांचा हा कागद मी भरते,
भोसरीत, पत्र्याखालच्या लॅबमध्ये,
जिथे मिक्सरची घरघर
चहाच्या कपातही उठते.

रकाना तीन: घटक. पाणी भरपूर.
मग तो, ज्याचं नाव एका श्वासात म्हणता येत नाही.
डोकं पाण्याचं, शेपूट तेलाचं;
दोन घरांत वाढलेल्या पोरासारखा
दोन्हीकडचं ऐकून घेतो,
म्हणून तर मळ उचलतो.
रंग पिवळा. वास लिंबाचा.
लिंबू नाही.

रकाना अकरा: त्वचेला सौम्य दाह.
सौम्य म्हणजे किती, ते
आमच्या सुतारवाडीच्या सोसायटीत
पहाटे पाचला बादली घेऊन येणाऱ्या
लिंबाजी गव्हाळेच्या बोटांना विचारावं.
मी विचारलं.
पेरं जुन्या रेक्झिनच्या सीटसारखी तडकलेली.
म्हणाला, "आधीच्या पावडरीनं लई चिरायची,
ह्यानं कमी. पण ताई, फेस वाढवा.
फेस दिसला न्हाई तर तिसऱ्या मजल्यावरून आवाज येतो,
गाडी धुतलीच न्हाई म्हणून."

फेस म्हणजे स्वच्छता नव्हे,
हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे.
फेस म्हणजे धुतल्याची पावती.

रकाना बारा: पर्यावरण.
अठ्ठावीस दिवसांत बहुतांश विघटन.
वाक्य खरं आहे, मी ते प्रामाणिकपणे लिहिते.
बाटलीत, बेताच्या उबेत,
हवा आणि जिवाणू वेळेवर भेटले
तर तो मोडतो, मागे फारसं काही ठेवत नाही.

पण लिंबाजी रोज एकोणतीस गाड्या धुतो.
फाटकाबाहेरच्या गटारातून रामनदीपर्यंत
पाणी किती वेळात पोचतं
ते एका रविवारी मी झेंडूच्या पाकळ्या सोडून पाहिलं.
बावीस मिनिटं.
एक दुधाच्या पिशवीला अडकली, ती धरली नाही.
अठ्ठावीस दिवस आहेत कुणाकडे?
उद्याचा पहिला दिवस
आजच्या पहिल्या दिवसावर येऊन बसतो.
नदीला नेहमी पहिलाच दिवस.

त्याच रकान्यात पाणपिसवा येतात.
अठ्ठेचाळीस तास, आणि एक आकडा:
लिटरमागे इतक्या मिलिग्रॅमला
निम्म्या हलायच्या थांबतात.
मी त्यांना पाहिलेलं नाही.
आकडा पुरवठादाराच्या शिक्क्यासह कुरिअरने येतो.
कधी रात्री वाटतं,
उरलेल्या निम्म्या
काय करत असतील त्या ग्लासात.

गेल्या मार्गशीर्षात मी स्वतःच एक नमुना केला,
साखर आणि खोबरेल यांच्यापासून निघणारा,
फेस कमी, कातडीला मऊ.
दोन लिटर लिंबाजीला दिले.
आठवड्यानं म्हणाला, "बोटं बरी हायेत."
मग जरा थांबून, "दोन गाड्या सुटल्या.
म्हैन्याचे आठशे गेले."
आणखी थांबून,
"आता त्यातच मूठभर कपड्याची पावडर टाकतो.
फेस येतो."

नगरकर सर दारातून विचारतात, बारा झाला का?
झाला.
रकाना सहा मात्र अजून समोर उघडा:
सांडल्यास नाल्यात, ओढ्यात, नदीत जाऊ देऊ नये.
वाळू टाकावी. गोळा करावे.
सांडल्यास.
नीट, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे वापरल्यास
तो कुठे जातो,
हे सोळांत कुणी विचारलेलं नाही.

मी सही करते. बीकर विसळते.
एकदा, दोनदा, फेस जाईपर्यंत तिसऱ्यांदा.
बेसिनखालचा पाइप भिंतीत शिरतो.
भिंतीपलीकडे काय आहे
ते अकरा वर्षांत पाहायचं राहून गेलं.