एकोणऐंशी

लोखंडे सिस्टर नाडी मोजून म्हणाल्या, एकोणऐंशी.
मला नऊ कळले, ऐंशी कळले,
दोन्ही मिळून मी लिहिलं ८९.
एकोण म्हणजे एक उणा, हे शाळेत घोकलेलं,
पण शाळा सुटून चोवीस वर्षं झाली
आणि रास्ता पेठेतल्या या दवाखान्यात
दुसऱ्या मजल्यावर मला येऊन नऊ दिवस.

बेड नंबर बारा. फडतरे काका.
टिंबर मार्केटात उभा जन्म लाकूड मापलेले.
तक्ता स्वतःच हातात घेऊन वाचतात, चष्मा कपाळावर ठेवून.
"दहा ठोके फुकट दिलेस की गं," म्हणाले,
"जास्त लिहिलं की गिऱ्हाईक बोंबलतं, कमी लिहिलं की शेठ.
इथं कोण बोंबलणार? मीच."
आणि हसता हसता खोकले.
मी पाणी दिलं. ते मात्र मोजून दिलं.

माझा हात आपसूक खिशाकडे गेला.
खिशात पांढरी शाई, लेकीच्या दप्तरातली,
पहिल्याच दिवशी उचलून आणलेली, लागली तर असू दे म्हणून.
सिस्टरांनी बाटली बघितली. काढून घेतली नाही.
फक्त म्हणाल्या, ती इथं चालत नाही.
चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ.
खालचा आकडा वाचता आला पाहिजे.
शेजारी बरोबर आकडा, वेळ, सही.

एकच रेघ.

मी अशा घरात वाढले आणि अशाच घरात दिले गेले
जिथं मीठ जास्त झालं की आमटीत बटाटा सोडायचा,
उलटी शिवण कोणी बघायच्या आत उसवायची,
दुधाचं पातेलं करपलं तर
राखेनं घासून उन्हात पालथं घालायचं.
चूक ही पदराखाली धरून न्यायची वस्तू.
आणि इथं सांगतात,
ती वाचता आली पाहिजे, आणि खाली तुझं नाव.
माझी सही मी बँकेत केली होती, लग्नाच्या नोंदणीला केली होती.
चुकीखाली कधी केली नव्हती.
क. वि. साठे. हात थरथरला, "ठे" जरा वर गेला.

नंतर अजून झाल्या.
लघवीची पिशवी रिकामी केली, मापायची राहिली.
म्हटलं, साडेतीनशे असेल.
"असेल नाही. मापलं की नाही मापलं?"
नाही.
"मग तेच लिही."
'मापलं नाही' असं कागदावर लिहिता येतं
आणि छत कोसळत नाही,
हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.
सिस्टर चिडल्या होत्या, हेही खरं.
पुढच्या पिशवीला मी खाली वाकले तेव्हा
त्या मागं उभ्या होत्या. बोलल्या नाहीत.

बेडपॅन गार होतं, एका बाईंनी आईच काढली माझी.
व्हीलचेअरचा ब्रेक लावला, एकाच बाजूचा.
वीस-एकवीसच्या पोरी माझ्याबरोबर लागलेल्या,
त्या जिन्यात रडून घेतात, तोंड धुतात,
वडापाव खातात, विसरतात.
मला ते जमत नाही.
मी स्वारगेटपासून कात्रजपर्यंत
बसच्या खिडकीशी त्या दिवसाच्या चुका मोजते,
सुट्टे पैसे मोजावेत तशा, मुठीत, पुन्हा पुन्हा.
पद्मावतीच्या सिग्नलला परवा
स्वतःच्याच मनगटावर दोन बोटं ठेवली.
घड्याळ बघून पूर्ण मिनिट. 
इंजिनाची थरथर होती, नीट कळेना,
माझे ठोके किती आणि बसचे किती.
लिहायचं असतं तर लिहिलं असतं, मापता आले नाहीत.

काल फडतरे काका घरी गेले.
जाताना म्हणाले, माझे दहा ठोके तुझ्याकडे राहिले,
सांभाळ.
बारावर आता दुसरे कोणी आहेत, झोपलेले, नाव पाठ व्हायचंय.

रात्री घरी भात कच्चा राहिला.
लेकीनं घास तोंडात फिरवला, नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं.
गॅसचं, कुकरच्या रबराचं काहीतरी सांगायला
जीभ सवयीनं वळलीच होती.
"मी लवकर उतरवला," म्हटलं,
आणि पाण्याचा हबका मारून
पातेलं परत चढवलं.