आट

सोमवार. उद्यमनगर बंद.
फक्त निंगाप्पा मेस्त्रींच्या शेडमध्ये रंधा चालू
आणि सागाच्या ढलप्या
माझ्या कागदांवर.

कागद जिनिव्हाचे.
एकोणचाळीस पानं, अकरा देश,
त्यातले सात असे, की त्यांची पाळी आली
की बैठकीत कुणीतरी घड्याळ बघतं.
शनिवारपर्यंत मला कलम सात लिहून द्यायचंय :
'सर्व पक्षांना समान नियम.'
वाचायला बरं वाटतं, लग्नपत्रिकेसारखं.

बाबा विचारतात, "काय लिव्हतीयास?"
मी सांगते, एक लहान देश होता,
खाणीखालचा ओढा गढूळ करू नका म्हणाला.
कंपनीनं दावा लावला.
तीन माणसं परक्या गावी एका हॉटेलात बसली
आणि त्या देशाचा वर्षभराचा औषधांचा पैसा
कंपनीला देऊन उठली.
बाबांनी कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली.
"तीन माणसं. निवडली कुणी?"
मी सांगितलं.
ते काही बोलले नाहीत. रंधा दोनदा जास्त फिरला.

मग खुंटीवरच्या पट्ट्या उतरवल्या.
सगळ्या एक फुटाच्या म्हणायच्या,
शेजारी मांडल्या तर एक दुसरीएवढी नाही.
"ही बिडाची. ही अल्युमिनमची. ही पोलादाची.
वतताना समदं सारखंच लाल दिसतंय गं.
निवताना आटतं. ज्येचं त्येचं येगळं.
समद्यास्नी बिडाचीच पट्टी लावून बघ,
पोलाद कमी भरंल
आन् शिव्या खाईल पोलादच."

आम्ही त्याला 'विशेष वागणूक' म्हणतो,
आणि म्हणताना आवाज खाली जातो,
किराणा उधार मागावा तसा.
बाबा नुसतं आट म्हणतात.
आट कुणी मागत नाही.
पॅटर्न करणाऱ्यानं ती आधीच धरायची असते.

"आन् ड्राफ्ट दिलायस न्हवं?"
हा काय, म्हटलं, हातातच आहे. तिसरा.
हसले. "त्यो न्हवं."
पॅटर्नच्या कडेवरून माझं बोट फिरवलं.
कड किंचित तिरकी,
डोळ्याला न दिसणारी, बोटाला कळणारी.
"ताठ कड ठिवली तर वाळूतनं काढताना
साचा संगट फुटून येतोय.
आत घालाय काय, कुणालाबी जमतंय."

मी पान एकतीस उघडलं :
करारातून बाहेर पडल्यावरही
वीस वर्षं लागू राहील.
काटकोनात उभी कड.
इतकी वर्षं हे वाक्य वाचतेय,
बोट कधी फिरवलं नव्हतं.

पेन्सिल त्यांचीच घेतली.
एकतिसावं पान खोडलं, सातवं अर्धं.
जागी काय लिहायचं, अजून नीट जमलेलं नाही.
सहा जण विचारतील, आकडा किती?
प्रत्येकाचा वेगळा, हे एका ओळीत बसत नाही.

बॅगेत पोलादाची पट्टी टाकलीय.
टेबलावर ठेवीन.
हे काय, म्हणतील.
एक फूट, सांगेन.
कुणी मोजली, तर जास्त भरेल.
तिथून बोलायला लागू.