गोरेवाड्यावर कुरव

मंगळवारी मी पाण्याचे नमुने घेते.
सात बाटल्या, सात चिठ्ठ्या, पहाटे साडेपाचला
गोरेवाडा तलावाच्या भिंतीवरून चालत
पार शेवटच्या खांबापर्यंत.
नोंदवहीत रकाने ठरलेले : गढूळपणा, वास, तापमान.
पक्ष्यांना रकाना नाही.
त्यांना मी समासात लिहिते, पेन्सिलीने,
म्हणजे साहेबांना खोडायला सोपं.

फाल्गुन सरत आला की समास ओस पडत जातो.
तलवार बदकं गेली सोळा तारखेला.
पट्टकदंब हंस परवा रात्री.
गच्चीवर कुरड्यांवर फडकं टाकत होते
आणि वरून, अंधारातून,
सुटलेल्या बसमागे कुणी हाका मारत धावावं
तसं काहीतरी उत्तरेकडे गेलं.
मागे टिटव्या उरतात.
त्यांना कुठेच जायचं नसतं
आणि ओरडा सगळ्यात जास्त त्यांचाच.

त्या मंगळवारी पाचव्या बाटलीशी
पाण्यावर पांढरं काही दिसलं.
थर्माकोल, मला वाटलं.
मग थर्माकोलनं मान वळवली.

मोठा. घारीहून मोठा.
पिवळी चोच, टोकाशी तांबडी,
डोकं अर्धं काळं, अर्धं पांढरं,
जणू कलप लावता लावता
न्हावी मधेच चहाला उठून गेला.

पिशवीतल्या पुस्तकात सापडला तो : कुरव.
पानाच्या माथ्यावर लिहिलेलं, 'किनारा'.
किनारा!
आमच्या शहरात एक दगडी खांब आहे,
सगळ्या गावांची अंतरं तिथून मोजली म्हणतात.
पूर्वेला निघा की पश्चिमेला,
समुद्र लागायच्या आत एक रात्र गाडीत जाते.
मला एकेचाळीस सरलं, ती रात्र अजून निघाली नाही.

खाली डोमा वलथरे जाळं झटकत होता.
डोमाभाऊ, म्हटलं, तो पाहा.
त्यानं कपाळावर हात धरला,
मासोळीचे खवले चिकटलेला हात.
बराच वेळ काही बोलेना.
मग म्हणाला,
"तू इथं काहून आला बे?"
मला नाही. पक्ष्याला.

दोन हंगाम तो हर्णैला होता म्हणे, ट्रॉलरवर.
थोरल्याशी भांडून गेलेला.
सहा वर्षं रोज दिसतो मला हा माणूस,
पाण्याची पातळी सांगतो, बिडी मागत नाही, देतो,
आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"तिकडं हे मागंमागंच राह्यते.
घाण फेकली का हजर.
आमी बारा जनं, त्यात नऊ नेपाळी,
बोलाले कोनी नाही.
मंग मी यायलेच सांगो गावाकडचं.
हा तलाव, हे भिंत, उन्हाळ्यातले झिंगे."
थोडा थांबला.
"पत्ता मीच देल्ला असन."

हसलो दोघं. पक्षी हसण्यानं उडाला नाही.
तो उडाला ऊन टेकडीवर आल्यावर,
घाई नसल्यासारखा,
एक घिरटी, त्यावर एक घिरटी,
तलाव खाली गोल गोल सोडत,
सावनेरच्या बाजूला.
डोमाच्या हातात एक झिंगा होता.
कधी उचलला, मी पाहिलंच नाही.

मोबाइलमध्ये उरला एक पांढरा ठिपका.
किंमतकर सरांनी तो बोटांनी मोठा केला,
आणखी मोठा केला,
ठिपक्याचे चौकोन झाले.
"बगळा असेल हो. इथे, ह्या दिवसांत, कुरव?
आणखी कुणी पाहिला?"
कुणी म्हणजे कुणी जाणकार.

सहावी आणि सातवी बाटली त्या दिवशी राहूनच गेली.
साहेबांनी कारण विचारलं आहे, लेखी.

पुढच्या मंगळवारी मी समासात
पहिल्यांदा बॉलपेननं लिहिलं :
कुरव, एक. साक्षीदार डोमा वलथरे, खलाशी.
त्याला वाचून दाखवलं.
म्हटलं, खलाशी खोडून ढीवर करू का?

जाळ्याची गाठ दातात होती त्याच्या.
ती सुटेपर्यंत मी थांबले.
"राहू दे," म्हणाला.