बोली

निविदेची मुदत शुक्रवारी दुपारी दोनला.
आज बुधवार, रात्रीचे अकरा, आणि बाहेर लख्ख उजेड.
जूनमध्ये आइसलंडच्या या टोकाला
उजेडाला घरी जायचं सुचतच नाही.

स्टेनव्होरनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय.
कोपऱ्यांवर मिठाची बाटली, कॉफीचे दोन मग, भावाचा चष्मा.
मधोमध नदी. म्हणजे नकाशा छापला तेव्हा तिथं होती.
हिमनदीच्या पोटातलं हे राखाडी पाणी
दर वर्षी कूस बदलतं,
गेल्या साली जिथं पात्र होतं तिथं यंदा मेंढ्या.

एकशे ऐंशी मीटरचा पूल.
आराखडा तुमचा, बांधकाम तुमचं, रक्कम एकच, ठोक.
रस्ते खात्यानं तीन बोअर घेऊन दिलेत,
दोन पूर्वेच्या काठावर, एक पश्चिमेच्या.
पात्रात एकही नाही.
खाली बारीक टायपात: सदर माहिती केवळ माहितीसाठी.
केटिल ते वाक्य तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचतो,
जणू चौथ्या वाचनाला त्यात खडक लागेल.

पाण्यातल्या म्हशीचं मोल काठावरून करू नये
हे जन्मात म्हैस न पाहिलेल्यालाही कळतं.
इथं तर पाण्याचाच पत्ता नाही.

रेक्याविकहून आलेली हाल्लवेग पेन्सिल कानावर ठेवते.
'खांबांखाली पाइल चोवीस मीटर धरू.'
'आणि तीस लागले तर?'
'तर तुमचे,' ती म्हणते.
मग कोणी काही बोलत नाही म्हणून
स्वतःच दुरुस्त करते, 'आपले.'

हरलो तर आराखड्याचा खर्च गेला.
जिंकलो तर, कदाचित, कंपनी.

यार्डात क्रेन मार्चपासून उभी आहे.
तिच्या हुकाशेजारच्या खोबणीत धोबी पक्ष्याच्या जोडीनं घर केलंय.
अकरा माणसांचे पगार, त्यातल्या ऑर्मुरचं बाळ तीन आठवड्यांचं.
हे कुठल्या रकान्यात टाकायचं?

वडिलांनी बांधलेला एकपदरी पूल
एका दुपारी पुरानं उचलून नेला.
त्याची एक तुळई अजून काळ्या वाळूत आडवी आहे,
मेंढ्या शोधणारे तिला टेकून डबा खातात.
त्या रात्री वडील जेवले आणि शांत झोपले,
कारण तो आराखडा सरकारचा होता.
या खेपेला झोपेचीही किंमत आपणच भरायची
आणि ती दरपत्रकात नाही.

काँक्रीट, सळई, डिझेल, विलंबाचा दंड, विमा.
सगळ्यात खाली एक ओळ: अनपेक्षित.
कर्सर तिथं उघडझाप करत थांबलाय.
'चौदा टक्के,' स्टेनव्होर म्हणते.
'चौदाला हरू.'
'हो.'
'आणि आठला?'
'जिंकू.'
तो शब्द तिघांपैकी कोणालाच आवडला नाही.

पहाटे एकला ते गाडी काढून नदीवर जातात.
केटिल वडिलांची लोखंडी पहार घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरतो,
दोर हाल्लवेगच्या हातात.
पहार जाते, जाते, मुठीपर्यंत जाते,
आणि कशालाही न टेकता
गाळात सरळ उभी राहते.
तो तिला तशीच सोडून येतो.
दात वाजतायत, त्यामुळे काय म्हणाला ते कळत नाही.

परत आल्यावर स्टेनव्होर चौदाच टाकते.
अंकांत लिहायला वेळ लागला नाही.
मग पुढची ओळ, रक्कम अक्षरी,
आणि तिथं एकेक कोटी, एकेक लाख
सावकाश तोंडानं म्हणत लिहावं लागलं,
पहिल्यांदा आपल्याच आवाजात.
बोली म्हणतात ती हीच असावी.

केटिल ओल्या मोज्यांनी खिडकीशी उभा.
हुकाजवळ चोच वर, चोच खाली, लगबग.
'निकाल ऑगस्टमध्ये,' तो म्हणतो.
'तोवर पिल्लं उडालेली असतील.'