पहिला सोमवार

साडेसातला व्हॅन आली,
आज हॉर्न न वाजवता
इंदिरानगरच्या वळणावरून निघून गेली.
नीरद गॅलरीत. दात घासायचे बाकी.

वेळापत्रक मी रात्रीच लिहून ठेवलं होतं :
गणित, मराठी, परिसर.
नऊपर्यंत त्यावर दूध सांडलं.

मग गेलो गोदेवर, दुतोंड्या मारुतीपाशी.
पूर याच्यावर मोजतात, म्हटलं,
गुडघा, कंबर, छाती.
म्हणजे किती फूट?
मला माहीत नव्हतं.
तो वितीने मोजू लागला,
अकराला चुकला,
पुन्हा पायापासून.

परतताना म्हणाला, हजेरी राहिली.
घे मग तूच.
भर रविवार कारंज्यावर, रिक्षात,
त्याने माझं नाव पुकारलं
मधल्या नावासकट.
मी हात वर केला.
रिक्षावाला आरशात बघत राहिला.