आधी प्लग

रात्रीच्या वादळात बुधाबाईचा मोह
नागभीडच्या रस्त्यावर आडवा झाला, मुळासकट.
सकाळची एसटी अलीकडेच थांबली.
ड्रायव्हर बोनेटला टेकून तंबाखू मळत,
कंडक्टर घड्याळ बघत,
आणि चाळीस उतारू, चाळीस मिस्त्री.

इस्तारी मामाने पोत्यातून मशीन काढली.
जुनी चेन मागच्या हप्त्यात
बाभळीत रुतलेल्या काटेरी तारेवर गेली होती.
नवी चेन कागदात, तेलकट,
धामणीचं वेटोळं.

"आधी काय?" सगळ्यांदेखत मला विचारलं.
माझ्या हातात पाना होता.
मी तो खाली ठेवला.
"आधी प्लगची टोपी काढायची."
"हं. मशीन बंद हाय हे मशीनले माहीत पाह्यजे.
तुले माहीत असून भागत नाही."

मग हातमोजे. डाव्याचा अंगठा
मामीने पोत्याच्या सुतळीने शिवलेला.
ब्रेक मागे ओढला. दोन्ही नट मामाच्या टोपीत,
गवतात पडलेला नट
कोणाच्या बापाला सापडत नाही.

दात वरच्या अंगाला, तोंड पुढे.
पोरसाली मी उलटी चढवली होती:
लाकूड कापलंच नाही, नुसतं धुपलं,
चुलीच्या दगडासारखं काळं पडलं.
"बैल पाठमोरा जुंपतं का कोणी, पोरी?"

कंडक्टर ओरडला, "दोन मिनिटांचं काम, बावा!"
मामाने मान वर केली नाही.
मोज्यातून हात काढले, दोन्ही, वर धरले.
"बत्तीस वर्सं. मोजून घ्या."

बारचं नाक मी वर धरलं.
पेचकस फिरला, पाव फेरा, आणखी पाव.
खालची झोळ हळूहळू बारला चिकटली.
"ढिली सुटन. लई आवळली तं जळन."
मधे धरून ओढली, सोडली: टप्प, जागेवर.
हाताने फिरवली: फिरली.
नाक वर असतानाच नट आवळले.
टोपी प्लगवर, मामाची मामाच्या डोक्यावर.

पहिली फांदी पडली आणि मामाने मशीन बंद केली.
एसटीतून हाय हाय निघाली.
"नवी चेन हाय. नव्या खाटेची सुतळी
पयल्या रात्री झोळते का नाई?"
"मग आवळा ना!"
"गरम हाय. आता आवळली
तं थंडी झाल्यावर बारलेच खाईन."
आणि पेट्रोलपासून वीस पावलं लांब जाऊन
त्याने बिडी पेटवली.

चाळीस माणसं
एका चेनीच्या थंड होण्याची वाट पाहत उभी.
तेवढ्यात बुधाबाई पडलेल्या फांद्यांत शिरली,
टोळ्या वेचू लागली पदरात,
कोणाकडे न पाहता,
जणू झाड अजून उभंच आहे
आणि ती नेहमीसारखी त्याच्याखाली.
मामाने बिडी विझवली, पण उठला नाही.
ती बाहेर येईपर्यंत उठला नाही.

संध्याकाळी पडवीत
त्याने चेन पुन्हा ढिली केली, रातच्यासाठी.
मी खिळ्याला मशीन टांगली.
मध्यरात्री उठून
एका बोटाने तिची झोळ उचलून पाहिली,
हातमोजा घालून.